शिक्षक नेमला, पुढे काय?

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन ठेवले, त्याची आठवण आपण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी काढतो. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकांविषयी काही सूचना आहेत. त्या फारशा वाचल्या जात नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते त्या मुलांत आणि त्यांच्या घरच्यांत सहज मिसळतील. नेहमीच्या विषयांबरोबर त्यांना शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे. अप्रशिक्षितांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक नेमावेत. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा ते वीस असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे सोपवून गावात शिक्षकाचा मान वाढवावा. शिक्षक कुठून आणायचा, त्याला काय शिकवायचे आणि नेमल्यावर त्याला कसे सांभाळायचे, हे तिन्ही प्रश्न फुल्यांनी एका दमात मांडले होते.

त्यानंतर सरकारने या तिन्ही प्रश्नांवर पुष्कळ काम केले. पण वेगवेगळ्या टेबलांवर केले. आज शिक्षक होऊ पाहणाऱ्याची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. भरतीचे पोर्टल शिक्षण आयुक्तालय चालवते. नेमणुकीचा आदेश जिल्हा परिषद काढते. प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण मात्र शालेय शिक्षण विभाग ठरवत नाही, ते ग्रामविकास विभाग ठरवतो. यांतले प्रत्येक कार्यालय आपापले काम कमीअधिक निष्ठेने करते. त्या सगळ्यांच्या फायलींमधून जाणारा माणूस एकच असतो, आणि त्याचा पूर्ण प्रवास कोणत्याही एका टेबलावरून दिसत नाही.

हे पुस्तक त्या फायली शेजारी शेजारी ठेवून वाचते. पहिला भाग भरतीचा, दुसरा प्रशिक्षणाचा, तिसरा नोकरीत मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या पाठबळाचा. विषय महाराष्ट्रापुरता ठेवला आहे. एक लाखाहून अधिक शाळा आणि सात लाखांच्या आसपास शिक्षक असलेल्या या राज्यात सरकारी प्रयत्नांचे जवळजवळ सगळे नमुने सापडतात. आत शिरण्यापूर्वी वाचकाच्या हाती या इतिहासाचा एक धागा द्यावा, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

भरतीपासून सुरुवात करू. एके काळी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा थेट शाळेवर रुजू होई आणि प्रशिक्षण सवडीने घेई. ‘फायनल पास’ गुरुजींच्या त्या पिढीने खेड्यापाड्यांत अक्षरओळख पोहोचवली. त्यांना वर्गात उभे राहण्याचे शास्त्र शिकवण्याची सोय मात्र तोकडी होती. ती उणीव ओळखून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षकाची आस्थापना त्यांच्याकडे गेली. माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित संस्थांनी उचलला. तिथे शिक्षकाची नोकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर असे. १९७७चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ची त्याची नियमावली यांनी त्या मर्जीला वेसण घातली. बडतर्फ झालेल्या शिक्षकाला दाद मागायला न्यायाधिकरण मिळाले. शिक्षकाला कायद्याने दिलेले हे सर्वांत भक्कम संरक्षण, आणि आजही बहुतेक सेवाविषयक तंटे याच नियमावलीच्या आधाराने लढले जातात.

२००० साल हे या इतिहासातले वळण. त्या वर्षी शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे आणि मग नियमित वेतनश्रेणीत जायचे, अशी तिची रचना होती. त्याच सुमारास शाळा नसलेल्या पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या आणि गावातल्याच शिकलेल्या तरुणांना तिथे निमशिक्षक म्हणून नेमले गेले. त्यांना नियमित सेवेत घ्यायला सरकारने पुढे बरीच वर्षे लावली. दोन्ही योजनांमागे एकच हिशेब होता : शिक्षक हवेत, पण पूर्ण पगाराचे इतके शिक्षक परवडत नाहीत.

तरीही नोकरीची हमी असलेला मार्ग म्हणून डी.एड. या अध्यापन पदविकेची ओढ वाढत गेली. खासगी अध्यापक विद्यालयांचे पीक आले. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवणारी, विशेषतः ग्रामीण भागातली मुले-मुली तिकडे वळली. २०१० साली शिक्षणसेवक भरतीसाठी सामाईक परीक्षा झाली. २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि अनेक शाळांच्या हजेरीपटावरची मुले प्रत्यक्षात नव्हतीच, असे उघड झाले. पट घटला म्हणजे पदे घटली. पदे घटली म्हणजे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. अतिरिक्तांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नको, असा निर्णय मे २०१२ मध्ये झाला. इंग्रजी, गणित, विज्ञान अशा विषयांसाठी काही वाटा ठेवल्या गेल्या, पण एरवी दार बंद झाले. पदविका हातात घेऊन एक अख्खी पिढी वयोमर्यादेकडे सरकत राहिली आणि अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी ओस पडत गेली. संस्थाचालकांनी पट फुगवला होता, अधिकाऱ्यांनी तो मान्य केला होता. त्याची किंमत मोजली ती दोहोंत कुठेच नसलेल्या डी.एड.धारकांनी.

दरम्यान शिक्षणहक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक, सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक असे शिक्षकांचे प्रमाण कायद्यात बसले. किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला मिळाला आणि तिने शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी सक्तीची केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. दीडशे गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला साठ टक्के लागतात. उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक वेळा एक आकडीच राहिले आहे. त्याचा दोष उमेदवारांचा, पदविका देणाऱ्या विद्यालयांचा की प्रश्नपत्रिकेचा, यावर पहिल्या भागात दोन परस्परविरोधी लेख आहेत. ते दोन्ही वाचावेत.

चाळणी बारीक झाली की ती फाडणारेही येतात. २०२१च्या अखेरीस टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतल्याच वरिष्ठांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांनाही त्यानंतर संशयाचा डाग सोसावा लागला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच परीक्षेला आणखी एक वळण दिले. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा तो निकाल. कायदा येण्यापूर्वी, त्या वेळचे सगळे नियम पाळून नोकरीला लागलेल्या आणि वीस वर्षे वर्ग चालवलेल्या शिक्षकाने पुन्हा पात्रता सिद्ध करायची का, या प्रश्नाने शिक्षकांच्या खोल्या ढवळून निघाल्या.

भरती पुन्हा सुरू झाली ती ‘पवित्र’ पोर्टलवरून. संस्थाचालकाला लाखांत पैसे मोजल्याशिवाय नोकरी नाही, हे महाराष्ट्रातले उघड गुपित होते. त्यावर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि गुणवत्ता यादी हा उपाय निघाला. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, तिच्यावर आधारित पहिली मोठी निवडयादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. दुसरी चाचणी २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, निवडयादी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्या फेरीत २१ हजारांहून अधिक जागांची जाहिरात होती आणि पहिल्या यादीत सुमारे ११ हजार उमेदवारांची मुलाखतीशिवाय शिफारस झाली. बिंदुनामावली, न्यायालयीन स्थगिती, आचारसंहिता, माजी सैनिकांच्या रिक्त राहणाऱ्या जागा अशा प्रत्येक वळणावर गाडी अडली. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे : पैसा किंवा ओळख नसलेला शेतमजुराचा मुलगा निव्वळ गुणांवर जिल्हा परिषदेत शिक्षक झाला, असे या पोर्टलमुळे हजारो घरांत घडले. हे लहान यश नाही.

पण ही चाचणी दोनशे गुणांची आहे. त्यातले एकशेवीस अभियोग्यतेचे, ऐंशी बुद्धिमत्तेचे. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुलाखत नाही. टीईटीपासून नेमणूक आदेशापर्यंतच्या या साखळीत उमेदवाराला मुलांसमोर उभा राहून शिकवताना कोणीही पाहत नाही. वशिला रोखण्यासाठी माणसाची नजरच काढून टाकली गेली. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत, पण मग ते पाहणे नेमणुकीनंतर तरी व्हायला हवे होते. त्यासाठी प्रशिक्षणाकडे यावे लागते.

प्रशिक्षणाची यंत्रणा कागदावर पाहिली तर भरगच्च आहे. पुण्यात राज्य परिषद. १९८६च्या राष्ट्रीय धोरणातून आलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’. तालुक्याला गट साधन केंद्र. त्याखाली केंद्रशाळा आणि तिचा केंद्रप्रमुख. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे आहेत. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसून शिकवण्यातल्या अडचणी बोलाव्यात, कुणीतरी पाठ घेऊन दाखवावा, ही शिक्षण परिषदेची कल्पना जुन्या गटसंमेलनातून आली आणि ती उत्तम आहे. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखांच्या आणि डाएटमधल्या अधिव्याख्यात्यांच्या जागा वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात रिक्त राहिल्या. एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार आला आणि त्याचा बहुतेक वेळ माहिती गोळा करून वर पाठवण्यात जाऊ लागला.

प्रशिक्षणाचा नेहमीचा रस्ता वरून खाली येतो. राज्यस्तरावर काही निवडक सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका शिक्षकाला. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरला जातो आणि प्रमाणपत्र मिळते. २०१९ मध्ये केंद्राचा ‘निष्ठा’ कार्यक्रम आला, मग ‘दीक्षा’ ॲपवरचे अभ्यासक्रम आले, २०२०च्या धोरणाने वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळवण्यासाठी तर प्रशिक्षण सक्तीचेच आहे. त्यामुळे त्या प्रशिक्षणात बसलेल्यांचे लक्ष साहजिकच वेतननिश्चितीकडे असते. तास भरले जातात. वर्गात काय बदलले, हे पाहायला कोणी परत येत नाही.

याच राज्यात उलट दिशेचा एक प्रयोगही झाला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि त्यांच्या विस्तार अधिकाऱ्यांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. जमिनीवर आखलेले तक्ते, गोट्या, काड्या, दगड अशा साध्या साधनांनी मुले स्वतः गणित आणि वाचन शिकू लागली. मग राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक गाड्या भरून ते पाहायला गेले. पुष्कळांनी प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून केला. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे त्या शाळांची प्रेरणा होती. शिक्षक दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसून जे शिकतो, ते सभागृहात बसून शिकत नाही, एवढे कुमठ्याने दाखवून दिले. पुढे ते धोरण झाले, त्याचे निकष झाले, निकषांचे तक्ते झाले, आणि शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची घाई सुरू झाली. दुसऱ्या भागातला मध्यवर्ती लेख याच प्रवासावर आहे.

तिसरा भाग पाठबळाचा, आणि या पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा. शिक्षणसेवकाचे मानधन कित्येक वर्षे प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार होते. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. त्याच वर्षी जुलैत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरते घेण्याचा निर्णय झाला आणि त्यांचे मानधन वीस हजार ठरले. पेन्शन घेणाऱ्याला वीस हजार आणि त्याच वर्गावर नव्याने येणाऱ्या प्राथमिक शिक्षणसेवकाला सोळा हजार, हा हिशेब कोणत्या तत्त्वावर बसतो, हे कोणी सांगितले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक पंधरा हजारांवर नेमण्याचा निर्णय झाला. शासन निर्णयावरची तारीख होती ५ सप्टेंबर, शिक्षक दिनाची. विरोधानंतर तो मागे घ्यावा लागला.

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची कथा याहून वाईट. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द २००९ साली काढला गेला. वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा यायला २०१६ उजाडले. मधल्या काळात पदवीधर, प्रशिक्षित माणसे दिवसा शाळा करून संध्याकाळी शिकवण्या घेत, दूध घालत, सुट्टीत मजुरीला जात. यांतले अनेक जण, जुने निवृत्तिवेतन बंद झाले त्या २००५च्या नोव्हेंबरपूर्वी नोकरीला लागलेले. शंभर टक्के अनुदान त्यानंतर मिळाले म्हणून जुन्या निवृत्तिवेतनाचा त्यांचा हक्क वादात अडकला. मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा राज्यभर घुमली, तिच्यामागे ही अडचणही होती.

बदल्यांच्या बाबतीत सरकारने खरोखर सुधारणा केली. २०१७ पासून जिल्हांतर्गत बदल्या संगणकावर आल्या, अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रे ठरली, पती-पत्नी एकत्रीकरणाला स्थान मिळाले. त्याआधी बदलीच्या हंगामात जिल्हा परिषदेच्या आवारात जी बाजारपेठ भरे, ती मोडली. पण आपली जागा ज्येष्ठाने मागितल्यामुळे ‘खो’ बसलेला शिक्षक विस्थापित होतो, आणि ज्येष्ठांनी पसंती दिल्यावर उरलेली गावे नवख्यांच्या वाट्याला येतात. तिथे राहायला खोली नसते. तरी मुख्यालयी राहण्याची अट असते आणि घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो. एकट्या शिक्षिकेसाठी या अटीचा अर्थ काय होतो, हे त्या ठरावाच्या नमुन्यात लिहायला जागा नाही.

राहिली अशैक्षणिक कामे. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढाच अपवाद ठेवला. प्रत्यक्षात मतदार यादी, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा तांदूळ आणि त्याची नोंदवही, यू-डायस, आधार जुळवणी, रोजचे फोटो हे सगळे शाळेच्या दारात येते. दोनशिक्षकी शाळेत एक जण ‘माहिती’साठी तालुक्याला गेला की उरलेल्याच्या हाती चार इयत्ता असतात. फुल्यांना गावच्या कामांतून शिक्षकाचा मान वाढेल असे वाटले होते. ती कामे मोजकी आणि अधिकाराची होती; आजची कामे अमर्याद आहेत आणि त्यांत अधिकार कुठलाच नाही.

या तिन्ही भागांतले तपशील एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळक होते. नव्या शिक्षकाच्या पहिल्या तीन वर्षांत सर्वांत कमी पैसे, सर्वांत अवघड गाव आणि सर्वांत थोडे मार्गदर्शन हे एकदम वाट्याला येते. हे कोणी ठरवून केलेले नाही. वित्त विभागाने मानधन ठरवले, बदली धोरणाने गाव ठरवले, केंद्रप्रमुखाची रिक्त जागा कोणीच भरली नाही. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहे. पण माणूस शिक्षक म्हणून घडतो किंवा कोमेजतो तो याच वर्षांत. सरकार या काळाला परिवीक्षा समजते आणि प्रत्यक्षात त्याचा वापर बचतीसाठी करते. परिवीक्षेत कोणीतरी पाहत असावे लागते, आणि इथे पाहणारे पद रिक्त आहे.

म्हणून या पुस्तकाचा आग्रह आणखी एका योजनेचा नाही. योजना भरपूर आहेत. आग्रह असा की भरती, प्रशिक्षण आणि पाठबळ यांचा विचार एका शिक्षकाच्या सेवाकाळाभोवती व्हावा. पदे दरवर्षी ठरल्या तारखेला भरली जावीत, वर्षानुवर्षे दार बंद आणि मग एकदम लोंढा असे होऊ नये. नव्या शिक्षकाला पहिली नेमणूक अनुभवी सहकाऱ्याच्या शाळेत किंवा शेजारी मिळावी. केंद्रप्रमुखाची जागा रिक्त ठेवणे हे वर्ग रिक्त ठेवण्याइतकेच गंभीर मानले जावे. पटसंख्येवर बेतलेली संचमान्यता, म्हणजे शाळेच्या पदांची मंजुरी, पाड्यावरच्या बारा मुलांनाही पुरेसा शिक्षक देऊ शकेल, इतकी लवचीक असावी. १५ मार्च २०२४ला तिचे निकष बदलले तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या शाळा हवालदिल झाल्या होत्या, हे विसरता येत नाही.

शिक्षकांच्या चुकाही या पुस्तकात झाकलेल्या नाहीत. कागदोपत्री अवघड क्षेत्र दाखवून घेणारे, बनावट प्रमाणपत्रे जोडणारे, वर्षानुवर्षे वर्गाची तयारी न करणारे इथे भेटतील. व्यवस्थेवर टीका करताना त्यांना सूट देण्याचे कारण नाही.

वाचकाला एकच विनंती. शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या गावच्या शाळेत नवा शिक्षक किंवा शिक्षिका रुजू झाली, की समितीच्या पुढच्या बैठकीला जा. त्यांना राहायला जागा मिळाली का, मानधन वेळेवर येते का, महिन्यातले किती दिवस ते वर्गाबाहेरच्या कामात जातात, केंद्रप्रमुख शेवटचे कधी आले होते, हे विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. सरकारी फायलीत जे एकत्र येत नाही, ते गावच्या इतिवृत्तात एकत्र येऊ शकते, आणि तो कागद हातात असला की मागणी टाळणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जात नाही.